सांभाळून घेणारी

माझी बायको वच्छला सकाळी गेली. दुपारपर्यंत वडसा गावभर कळलं आणि नाटक कंपन्यांची माणसं घरी यायला लागली. कुणीतरी अंगणात सतरंजी टाकली. पुंडलिक आला, माझ्याशेजारी बसला. त्यानं आयुष्यभर खलनायकाची कामं केली, आणि त्यातली निम्मी तरी वच्छलासमोर केली. मग त्याला रडू आलं. जमलेल्यांकडे बघून तो म्हणाला, "बाई होती म्हणून आपण उभे राहिलो. स्टेजवर कोणीही अडो, वच्छलाबाई सांभाळून घ्यायची."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग एकेक जण आपली आठवण सांगायला लागला, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तो शब्द आला. मी उठलो आणि मागच्या परसात माझ्या माईकसेटच्या पेट्या ठेवल्या होत्या, त्यांवर जाऊन बसलो.

पुंडलिक मागोमाग आला.

"काही चुकलं का माझं, श्रावणभाऊ?"

"नाही."

"मग उठून काहून आले?"

"तिच्याबद्दल दुसरं काहीही बोला. सांभाळून घ्यायची असं नका बोलू. तिला तो शब्द चालत नव्हता."

"पण घ्यायचीच ना बाई. खोटं काय हाय त्याच्यात?"

खोटं काहीच नव्हतं. त्या दिवशी त्याला नीट सांगायची माझ्यात ताकद नव्हती. आता सांगतो.

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. रोज वेगळं गाव, वेगळा मंडप. तालमी फारशा होत नाहीत. समोर प्रॉम्प्टर बसतो, त्याच्या आधारावर नट बोलतात. त्यामुळे कुणी ना कुणी रोज अडतो. वच्छलाचं नाव झालं ते तिथं. समोरचा अडला की ती त्याचं वाक्य आपल्या वाक्यात घेऊन पुढं जायची, आणि कुणी चुकलं हे प्रेक्षकांना कळायचंही नाही. एकदा पुंडलिकनं तिच्यावर पिस्तूल रोखलं आणि टिकली फुटलीच नाही. त्यानं पुन्हा चाप ओढला, पुन्हा तेच. मंडपात हसू फुटणार तेवढ्यात वच्छलानं छातीवर हात ठेवला, म्हणाली, "राहू दे. तू माझ्यावर पिस्तूल रोखलंस, मी तेव्हाच मेले," आणि खाली कोसळली. लोक हसायच्या ऐवजी रडले. पुंडलिक नंतर महिनाभर तिच्या पाया पडायचा.

मी कंपनीत माईक सांभाळायचो. लग्न आमचं तिथंच जमलं.

पुढं ती चाळिशीच्या पलीकडं गेल्यावर तिला आयांची कामं मिळायला लागली आणि हंगामात मोकळे दिवसही मिळायला लागले. आमच्याकडं एक नर्सबाई यायच्या, आडगावांत फिरणाऱ्या. त्या वच्छलाला सांगायच्या, पोरी पोट दुखतं म्हणून येतात, आणि काय होतं विचारलं की पोरीऐवजी आईच बोलते. एखादीच्या अंगावर खुणा असतात. पोरगी जमिनीकडं बघत राहते. एक दिवस त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येतं, बाई. त्यांना बोलतं करा."

वच्छलानं त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. भाषण कुणी ऐकत नाही, हे तिला माहीत होतं. रडवायचंही नाही, असं तिनं ठरवलं. ती म्हणायची, रडलं की लोकांना वाटतं आपण आपलं काम केलं, आणि ते घरी जाऊन जेवतात. मग तिनं एक लहान नाटक बसवलं. कागदावर काही लिहिलं नाही, बोलून बोलूनच झालं. त्यात दोघीच. वच्छला आई आणि रंजू नावाची कंपनीतली तरुण नटी तिची लेक. एक दुकानदार होता, तो दिसत नव्हता. त्याचा आवाज मी आडोशाला बसून माईकवर काढायचो. "ये ना बाळ, आत ये, गोळ्या आत ठेवल्या आहेत," एवढंच माझं वाक्य. ते म्हणताना माझ्याच अंगावर काटा यायचा.

शेवटी आई लेकीला दुकानातून मीठ आणायला सांगते, आणि लेक उभीच राहते. आई विचारते, "काय झालं?" लेक गप्प. आई पुन्हा विचारते. लेक तोंड उघडते आणि मिटते. तिथं नाटक थांबायचं. वच्छला लोकांकडं वळून म्हणायची, "माझ्या पोरीला सांगता येत नाही. तुमच्यातलं कोणी हिच्या जागी येऊन सांगते का?"

मग मी लांब वायरचा माईक घेऊन लोकांत जायचो. पहिल्यांदा कुणी उठायचं नाही. मग एखादी धीट मुलगी उठायची, रंजूच्या जागी उभी राहायची आणि म्हणायची, "माय, मी दुकानात नाही जात. दुकानदार चांगला नाही." वच्छला तिला जवळ घ्यायची, टाळ्या पडायच्या. मग नर्सबाई पाच मिनिटं बोलायच्या, की असं झालं तर कुणाला सांगायचं. नाटक दुपारचंच असायचं, शाळेच्या पटांगणात. संध्याकाळच्या आत आम्ही माघारी.

हिरडटोल्याला आम्ही गेलो तेव्हा हे नाटक चांगलं बसलं होतं. तिथली सगळी व्यवस्था डोमाजी नावाच्या माणसानं केली होती. गावात वजन असलेला माणूस. मांडवाचे बांबू त्याचे, लाईट त्याच्या घरातून, आमचं जेवणही त्याच्याकडं. जेवताना तो वच्छलाला म्हणाला की अशा नाटकांची फार गरज आहे, जग बिघडलं आहे. पुढच्या रांगेत तो बसला होता, पांढरी टोपी घालून.

नर्सबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. त्यांना दुसरीकडं बाळंतपण होतं.

वच्छलानं विचारलं तशी मागून एक मुलगी उठली. सातवी-आठवीतली असेल. दोन वेण्या, शाळेचा निळा पोशाख. कुणी ढकललं नाही, कुणी नाव घेतलं नाही, स्वतःच उठली. मला आश्चर्य वाटलं, कारण पहिल्या हाकेला कुणी उठत नसे. ती सरळ चालत आली, रंजूच्या जागी उभी राहिली आणि माझ्याकडून माईक घेतला.

"नाव सांग, बाळ," वच्छला म्हणाली.

"प्रणिता."

"मी तुझी माय. मी तुला दुकानात धाडून रायली आणि तू जात नाहीस. काय झालं, बाळ?"

मुलगी वच्छलाकडं बघत म्हणाली, "माय, मी मोठेबाबाच्या..."

आणि थांबली.

आमच्याकडं वडिलांच्या थोरल्या भावाला मोठेबाबा म्हणतात. नाटकात मोठेबाबा कुणी नव्हताच. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागं दोन-तीन पोरं फिसकन हसली. वच्छलानं एक श्वास घेतला असेल नसेल, आणि पुढं होऊन पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. आईच्याच आवाजात, गोड हसून म्हणाली, "दुकानात म्हणतेस ना वं? मोठेबाबाकडं मीठ कुठून येईल? दुकानात नाही जात म्हणते माझी लेक. माईक पाहून घाबरली पोर."

सगळा मांडव हसला. डोमाजीही हसला.

मुलीनं वच्छलाकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "हो. दुकानात."

"आणि दुकानदार कसा आहे?"

"चांगला नाही."

टाळ्या पडल्या. डोमाजीनं वच्छलाला आणि रंजूला साडी-नारळ दिला, मला टोपी दिली. धीट मुलगी म्हणून त्या प्रणिताला कंपासपेटी दिली, त्याच्याच हातानं. तेव्हा कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं की ती त्यांचीच पुतणी आहे, बाप तिकडं विटाभट्टीवर असतो, मायलेकी डोमाजीच्याच घरी राहतात. मी ऐकलं आणि वायर गुंडाळत राहिलो. टेम्पो भरायचा होता.

परत येताना टेम्पो मी चालवत होतो. वच्छला माझ्याशेजारी, रंजू खिडकीशी. खेळ चांगला झाला होता, सगळे मजेत होते. रंजू म्हणत होती, वच्छलाबाई, तुम्ही त्या पोरीला काय सांभाळून घेतलं, मी असते तर तिथंच खेळ पडला असता. वच्छला म्हणाली, सवय आहे. मी पण गंमत म्हणून सांगितलं, की त्या पोरीनं मला फार त्रास दिला. माईक सोडेचना. बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि माईक नुसता ओला झाला होता तिच्या घामानं.

वच्छला हसली नाही.

"कधी?" तिनं विचारलं. "बोलायच्या आधी का बोलून झाल्यावर?"

"बोलून झाल्यावर. दुकानात म्हणाली, टाळ्या झाल्या, त्याच्यानंतर."

"म्हणजे अजून बोलायचं होतं तिला."

मी म्हटलं, असेल. लहान पोरांना माईक आवडतो.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

मी बाजूला घेतली. दोन्हीकडं कापलेली धानाची शेतं होती. वच्छला काचेतून समोर बघत होती. रंजूला काही कळत नव्हतं आणि खरं म्हणजे मलाही.

"ती चुकली नव्हती हो," वच्छला म्हणाली. "ती नाटकातलं बोलतच नव्हती."

मग मला आठवलं ते कानाशी बोललेलं. मी तिला सांगितलं की ती मुलगी डोमाजीची पुतणी आहे. वच्छलानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी गाडी वळवली.

आम्ही पोचलो तेव्हा गुरं घरी येत होती. डोमाजी ओसरीवर बसला होता. काही विसरलं का म्हणाला. वच्छलाला एकदम काही सुचलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदा तिला काही सुचलं नाही. मी म्हटलं, एक वायर राहिली असेल. त्यानं बसवलं, चहा सांगितला. वच्छला म्हणाली, ती प्रणिता फार चांगलं बोलली, तिला भेटायचं आहे.

"चांगलं कुठं," डोमाजी म्हणाला. "गडबडलीच होती पोरगी. भलतंच बोलून बसली असती. तुम्ही सांभाळून घेतलं, बाई. मानलं तुम्हाला."

तो तिच्याकडं बघून शांतपणे हसत होता. वच्छलानं चहाची बशी खाली ठेवली. चहा ओसरीवर सांडला.

त्यानं पोरीला हाक मारली. ती बाहेर आली, भिंतीला टेकून उभी राहिली. वच्छलानं तिला जवळ बोलावलं, ती आली नाही. सगळ्यांसमोर विचारण्यावाचून इलाज नव्हता. वच्छलानं विचारलं, "दुपारी तुला मला काय सांगायचं होतं, बाळ?"

"माय, मी दुकानात नाही जात," ती म्हणाली. "दुकानदार चांगला नाही."

दुपारचीच वाक्यं म्हणाली. मान रंजूसारखी तिरकी केली होती. वच्छलानं तिला एका दुपारीत ते पाठ करून दिलं होतं.

जाताना वच्छला मागच्या दारी गेली. मुलीची आई तिथं भांडी घासत होती. वच्छलानं तिला हळूच काहीतरी विचारलं. मी कोपऱ्यावर उभा होतो. बाईनं मान वर केली नाही. राखेचा हात तव्यावर फिरवत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आता चालल्या जाल, बाई."

नर्सबाईंना घेऊन वच्छला पुन्हा हिरडटोल्याला गेली. तोवर मुलीचं नाव शाळेतून काढलं होतं. मामाकडं धाडली म्हणाले. कुठला मामा, ते कुणी सांगेना. नर्सबाई चौकीत जाऊन आल्या. तक्रार कुणाची, असं तिथं विचारलं. पोरीची, असं सांगितलं तर म्हणाले, पोरगी तर सगळ्या गावासमोर दुकानदार म्हणाली आहे. गावात एकच दुकान होतं, एका म्हाताऱ्या माणसाचं. आमच्या नाटकानंतर बाया पोरींना तिथं पाठवेनात. वच्छला त्या म्हाताऱ्यालाही भेटून आली. त्यानं तिला दारातही उभं केलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

नाटक तिनं बंद केलं नाही. मला वाटलं होतं बंद करील. तिनं एक गोष्ट बदलली. मुलगी पुढं येऊन उभी राहिली की आपण बोलायचं नाही. ती अडली तरी नाही, लोक हसले तरी नाही, मांडव अर्धा उठून गेला तरी नाही. आणि मुलगी जे बोलेल तेच बरोबर, नाटकात असो वा नसो. रंजूला हे जड जायचं. खेळ पडतो, म्हणायची. वच्छला म्हणायची, पडू दे. ती स्वतः पदराचं टोक दातांत धरून उभी राहायची. मी माईकपाशी असायचो, त्या शांततेत मला त्या पोरींचा श्वास भोंग्यातून ऐकू यायचा. काही गावांत खरंच मुली बोलल्या. तिथं नाही तर खेळ संपल्यावर, पेट्या उचलताना, नर्सबाईंच्या पदराला धरून. एका गावचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तो माणूस आत गेला. ते कळलं त्या दिवशी नर्सबाईंनी पेढे आणले. वच्छलानं पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. म्हणाली, ती हिरडटोल्याची पोर आता केवढी झाली असेल.

पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, पण का झालं ते पुंडलिकला किंवा इतर कुणाला माहीत नाही. मोठ्या नाटकातही तिचं तसंच झालं. समोरचा नट अडला की वच्छला आता त्याच्याकडं बघत उभी राहायची. वाट बघायची. मंडपातून शिट्ट्या यायच्या. नट आत येऊन शिव्या द्यायचे. मालकानं तिला समजावलं, मग दुसऱ्या बाईला घेतलं. लोक म्हणाले, वच्छलाबाईचं वय झालं, आता जमत नाही. मी एकदा तिला विचारलं, मुद्दाम करतेस का? ती म्हणाली, "मुद्दाम नाही हो. कोणी अडलं की मला ती उभी दिसते. मग तोंड उघडतच नाही."

तिला वडसाच्या लोकांनी नावाजलं ते त्या एका गोष्टीसाठी. तीच तिनं टाकून दिली आणि मरेपर्यंत पुन्हा उचलली नाही. आणि ती गेली त्या दिवशी अंगणात सगळे तिच्या त्याच गोष्टीचं कौतुक करत होते.

आजारपणात ती फारसं काही मागत नव्हती. हंगामात पेट्यांना उंदीर लागू देऊ नका, एवढं म्हणायची. एका दुपारी मी तिला पाणी पाजत होतो तेव्हा म्हणाली, "ती कुठं दिसली तर तिला माफी-बिफी मागत बसू नका. तिला त्याचं काय करायचं. एवढंच सांगा, तू बरोबर बोलली होतीस. मीच चुकीचं ऐकलं."

मी हो म्हटलं.

मागच्या वर्षी डोमाजी वारला. तेरवीला मोठी शोकसभा ठेवली आणि माईकसाठी निरोप माझ्याकडं आला. हल्ली कुठंच माईक देत नाही मी. पण गेलो. प्रणिता येईल असं वाटलं होतं. पेट्या लावल्या, माईक उभा केला. माणसं एकेक करून आली आणि बोलली. भावाच्या माघारी त्याची बायको-पोर कशी सांभाळली, हेही बोलली. आवाज कुणाचा फुटू नये म्हणून मी बटण धरून बसलो होतो, सवयीनं. बायांच्या बाजूला मी सारखा बघत होतो. तिशीतली कुणी दिसली की बघत होतो. ती आली नव्हती.

तिची आई आली होती, आता वाकली आहे. सगळं उरकल्यावर मी तिच्याजवळ गेलो. मी कोण ते तिनं ओळखलं. मी म्हटलं, प्रणिता कुठं असते, मला फक्त एक निरोप द्यायचा आहे, माझ्या बायकोचा. ती म्हणाली, बरी आहे, तिकडं छत्तीसगडात दिली आहे. गावाचं नाव विचारलं तर तिनं सांगितलं नाही. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा तिला. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"तो विषय नको, भाऊ," ती म्हणाली, आणि आत गेली.

पेट्या परसात आहेत, कोरड्या आहेत, उंदीर लागलेला नाही. दोनदा रायपूरपर्यंत जाऊन आलो. नुसत्या पहिल्या नावावर माणूस सापडत नाही.

ती बरोबर बोलली होती, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.